बॅज जिथे पोचत नाही
प्रस्तावना

हॉस्पिटलात रेडिएशनचा विषय निघाला की दोन टोकांची माणसं भेटतात. एक्स-रेच्या खोलीवरून जाताना झपझप पावलं टाकणारी नवी सिस्टर हे एक टोक. सी-आर्मला खेटून वर्षानुवर्षं हाडं बसवणारा, गळ्यात थायरॉइड कॉलर नाही, डोळ्यांवर शिशाचा चष्मा नाही, असा ऑर्थोपेडिक सर्जन हे दुसरं. "इतकी वर्षं झाली, काय झालं मला?" हा त्याचा बिनतोड युक्तिवाद. सिस्टरला तो पटत नाही आणि सिस्टरची भीती सर्जनला पोरकट वाटते. पण दोघांनाही एकच प्रश्न विचारून पाहा: गेल्या वर्षी तुम्हाला किती डोस मिळाला? "रिपोर्ट येतो ना, ऑफिसात असेल," असं म्हणून दोघंही कामाला लागतात.

हे पुस्तक त्या ऑफिसात पडलेल्या आकड्याबद्दल आहे. थोडंथोडं रेडिएशन वर्षानुवर्षं अंगावर घेणाऱ्या हॉस्पिटल कर्मचाऱ्यांच्या तब्येतीचं काय होतं, याचं आज विज्ञानाकडे जेवढं उत्तर आहे तेवढं इथे मराठीत मांडलं आहे. उत्तर पुरतं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यातला काही भाग निसर्गानेच अवघड करून ठेवला आहे. उरलेला आपल्या दप्तरांनी, ड्रॉवरांनी आणि खुंट्यांवर लटकलेल्या, डोस मोजणाऱ्या बॅजांनी अवघड केला आहे. पहिल्या भागाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. दुसऱ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हा उद्योग.

या गोष्टीची सुरुवात मात्र थोड्या डोसपासून झाली नाही. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्गला रोंटगेनना क्ष-किरण सापडले आणि वर्षभराच्या आत ते जगभरच्या दवाखान्यांत पोचले. त्या वेळच्या नळ्या लहरी असत. आतला वायू जरा कमी-जास्त झाला की किरणांचा जोर बदलायचा. मग नळी आज कशी चालते आहे हे बघायची सोपी रीत म्हणजे स्वतःचा हात मध्ये धरायचा आणि पडद्यावर हाडं किती स्पष्ट उमटतात ते पाहायचं. हे दिवसातून कितीतरी वेळा. म्हणून त्या पिढीची दुखणी हातांपासून सुरू झाली. आधी त्वचा लाल, मग नखं ठिसूळ, मग न भरणाऱ्या जखमा, शेवटी कर्करोग आणि एकेक करून काढून टाकलेली बोटं. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली याचे दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो गेला. एडिसनने क्ष-किरणांचं काम सोडून दिलं. फिलाडेल्फियाचे डॉ. मिहरान कासाबियन आपल्याच हातांचे फोटो काढून रोगाची चाल नोंदवत राहिले आणि १९१० मध्ये त्याच रोगाने गेले. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात १९३६ मध्ये अशा माणसांचं स्मारक उभं राहिलं. सुरुवातीला त्यावर १६९ नावं कोरलेली होती, पुढे ती वाढत गेली. ते ज्यांना अर्पण केलं आहे त्यांत डॉक्टर आणि शास्त्रज्ञांच्या बरोबरीने तंत्रज्ञ आणि हॉस्पिटलातल्या सिस्टरही आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं. कुणीतरी तेव्हा सगळ्यांची यादी ठेवली होती.

मेरी क्युरींची गोष्ट आपल्याकडे शाळेत शिकवतात ती रेडियमची. १९३४ मध्ये त्या अप्लास्टिक अ‍ॅनिमियाने गेल्या आणि रेडियमनेच त्यांचा बळी घेतला, असं आपण धरून चालतो. १९९५ मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये हलवताना फ्रान्सच्या किरणसंरक्षण कार्यालयाने तपासणी केली. शरीरात रेडियम होतं, पण जीव जावा इतकं नव्हतं. मग त्या तज्ज्ञांचं बोट वळलं पहिल्या महायुद्धाकडे. क्युरीबाई तेव्हा एक्स-रे यंत्रं बसवलेल्या मोटारी घेऊन आघाडीवरच्या जखमी सैनिकांच्या तपासण्या करत होत्या, तंत्रज्ञ मुलींना शिकवत होत्या, आणि आडोसा म्हणावा असं तिथे फारसं काही नव्हतं. थोडक्यात, प्रयोगशाळेतल्या शोधापेक्षा हॉस्पिटलातली ड्यूटी त्यांना अधिक भोवली असण्याची शक्यता आहे. या पुस्तकाच्या वाचकाला यात आपला माणूस दिसावा.

पुढची पन्नास-साठ वर्षं मर्यादा ठरवण्यात गेली, आणि त्या कशा ठरल्या हे बघण्यासारखं आहे. १९२५ मध्ये आर्थर मुटशेलर यांनी असा हिशेब मांडला की त्वचा लाल व्हायला जेवढा डोस लागतो त्याच्या शंभराव्या भागाइतका डोस महिन्याभरात मिळाला तर माणसाला तो सोसतो. शंभरावा भाग का? तर त्यांनी पाहिलेल्या ठिकाणची माणसं तेवढ्यात ठणठणीत दिसत होती म्हणून. १९२८ मध्ये स्टॉकहोमला किरणसंरक्षणाची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. तिने १९३४ मध्ये दिवसाला ०.२ रोंटगेन ही मर्यादा सुचवली. आजच्या एककात ती वर्षाला अंदाजे ५०० मिलिसिव्हर्टच्या घरात जाते. आज भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा अशी आहे: सलग पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट, म्हणजे वर्षाला सरासरी २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. आंतरराष्ट्रीय शिफारस एका वर्षात ५० पर्यंत जाऊ देते. आपला नियम त्याहून कडक आहे. कागदावर तरी.

मिलिसिव्हर्टची सवय नसलेल्यांसाठी थोडं मोजमाप. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून आपल्या सगळ्यांना आपोआप मिळणारा डोस जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट. छातीचा एक एक्स-रे ०.१ किंवा त्याहूनही कमी. पोटाचा सीटी स्कॅन साधारण ८ ते १०. हॉस्पिटलात बॅज लावून काम करणाऱ्यांची सरासरी वर्षाला १ च्याही खाली राहते. हा शेवटचा आकडा वाचून बहुतेक जण पुस्तक मिटतील. मिटू नये, असं मी का म्हणतो ते पुढे येईलच.

आता तब्येतीचा प्रश्न. याचं सर्वांत जुनं आणि भक्कम उत्तर ब्रिटनच्या रेडिऑलॉजिस्टांनी दिलं, तेही मरून. १८९७ पासून शंभर वर्षांतल्या सुमारे २,७०० रेडिऑलॉजिस्टांच्या मृत्यूंची नोंद रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी तपासली आणि २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. १९२१ च्या आधी व्यवसायात आलेल्यांमध्ये कर्करोगाने होणारे मृत्यू इतर डॉक्टरांच्या तुलनेत ७५ टक्क्यांनी जास्त होते. पिढीगणिक हा फरक घटत गेला, आणि १९५४ नंतर आलेल्यांमध्ये तो दिसेनासा झाला. अमेरिकेत १९४४ मध्ये हर्मन मार्च यांनी रेडिऑलॉजिस्टांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण इतर डॉक्टरांच्या कितीतरी पट असल्याचं दाखवलं होतं. तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९८२ पासून जवळजवळ १ लाख ४६ हजार रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजिस्टांचा मागोवा घेतला. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी, म्हणून तो अभ्यास विशेष मोलाचा. त्याचा सूरही तोच: १९५० च्या आधी कामाला लागलेल्यांमध्ये रक्ताचा आणि स्तनाचा कर्करोग जास्त, नंतरच्यांमध्ये हे चित्र फिकट होत जातं.

म्हणजे भिंत उपयोगी पडली. शिशाचं दार, नऊ इंची विटांची भिंत, कंट्रोल पॅनलपुढची शिशाची काच, यांनी माणसं वाचवली. साध्या एक्स-रेच्या खोलीत काम करणाऱ्या आणि बटण दाबताना आडोशामागे जाणाऱ्या टेक्निशियनने आज घाबरून रात्र जागवण्याचं कारण नाही, हे मी कुठलाही आडपडदा न ठेवता लिहितो. यंत्र बंद झालं की किरण बंद. खोलीत ते साचून राहत नाहीत, गादीला चिकटत नाहीत, पेशंटच्या अंगाला लागून बाहेर येत नाहीत. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये तर हे किरणच नसतात. तरीही मला सर्वांत जास्त प्रश्न एमआरआयबद्दल विचारले जातात, त्याला इलाज नाही.

मग अगदी थोड्या डोसचं काय? त्याने काहीच होत नाही, की थोडंसं होतं? इथे निसर्ग अडून बसतो. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीच्या बेअर-७ अहवालाचा अंदाज असा की शंभर माणसांना प्रत्येकी १०० मिलिसिव्हर्ट डोस मिळाला तर त्यांतल्या साधारण एकाला त्यामुळे आयुष्यात कधीतरी कर्करोग होईल; बाकीच्या कारणांनी त्याच शंभरांतल्या बेचाळीस जणांना तो तिथे होणारच असतो. आता पंढरीच्या वारीत या वर्षी एक दिंडी जास्त आली का, हे चंद्रभागेच्या वाळवंटात उभं राहून नुसत्या नजरेने सांगता येईल का? तशीच गत इथे आहे. शिवाय किरणांमुळे झालेल्या गाठीवर तसा शिक्का नसतो. सिगारेटने झालेली आणि एक्स-रेने झालेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसते. म्हणून एकट्यादुकट्या माणसाकडे बोट दाखवून "याला ड्यूटीमुळे झालं" किंवा "याला काही झालं नाही" असं म्हणणं, दोन्ही निरर्थक. सर्जनसाहेबांचा बिनतोड युक्तिवाद इथे निकालात निघतो, आणि सिस्टरच्या ओळखीतल्या कुणा टेक्निशियनच्या कॅन्सरची हकिकतही.

यात आणखी एक मेख आहे. नोकरीला लागताना फिटनेस सर्टिफिकेट लागतं, आजारी माणूस नोकरी सोडतो, आणि हॉस्पिटलातल्या माणसाला औषधपाण्याची सोय हाताशी असते. म्हणून कामावरची माणसं चारचौघांपेक्षा मुळातच निरोगी निघतात. त्यांची तुलना सगळ्या जनतेशी केली की रेडिएशन जणू तब्येतीला मानवतं, असा विनोदी निष्कर्ष निघू शकतो. तसे निष्कर्ष काढणारे आहेत. अशा वेळी तुलना व्हायला हवी ती जास्त डोसवाल्यांची कमी डोसवाल्यांशी, एकाच पेशातल्या. म्हणजे पुन्हा प्रत्येकाचा आकडा लागतो.

जिथे असे आकडे नीट ठेवले गेले तिथून काय दिसतं? फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका इथल्या अणुउद्योगातल्या तीन लाखांवर कामगारांचा 'इनवर्क्स' हा एकत्रित अभ्यास यातल्या मोठ्या अभ्यासांपैकी एक. ही माणसं हॉस्पिटलातली नव्हेत, पण त्यांचे बॅज वर्षानुवर्षं वाचले गेले होते. २०२३ च्या विश्लेषणात डोस वाढत जाईल तसे कर्करोगाचे मृत्यू वाढतात असं आढळलं, आणि हळूहळू मिळालेला डोस एकदम मिळालेल्या डोसपेक्षा फारसा सौम्य ठरत नाही, असा त्याचा कल आहे. उलट बाजूने केरळातल्या करुनागपल्लीचं उदाहरण देतात. तिथल्या किनाऱ्याच्या वाळूत मोनाझाइट आहे, त्यातलं थोरियम जन्मापासून लोकांना डोस देत असतं, काही ठिकाणी बाहेरच्या जगाच्या कितीतरी पट. सुमारे सत्तर हजार माणसांचा तिथे मागोवा घेतला गेला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्या डोसमुळे कर्करोग वाढल्याचं दिसलं नाही. दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत, दोन्ही मोठे आहेत. मला विचाराल तर नियम करताना 'इनवर्क्स' खरा धरावा आणि रात्री झोपताना करुनागपल्ली आठवावी. जगातल्या किरणसंरक्षण संस्था पहिली गोष्ट करतातच: जेवढा डोस तेवढा धोका, आणि शून्याखेरीज कुठेही पूर्ण सुरक्षित रेषा नाही, असं धरून त्या चालतात. ते सिद्ध झालेलं सत्य नव्हे, सावधपणाने केलेली निवड आहे.

इथपर्यंतची सगळी चर्चा भिंतीमागे उभ्या असलेल्या माणसाची. गेल्या तीस-चाळीस वर्षांत कामच भिंतीच्या अलीकडे सरकलं आहे. अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी, पेसमेकर, मूत्रखडे, मणक्यातली इंजेक्शनं, मोडलेल्या मांडीत घातलेली सळई, ही सगळी कामं किरण चालू असताना पेशंटच्या शेजारी उभं राहून होतात. कॅथलॅबमध्ये कार्डिऑलॉजिस्ट पेशंटच्या उजव्या हाताला उभा असतो. नळी टेबलाखाली. किरण पेशंटच्या छातीत शिरतात, थोडे पार होऊन चित्र उमटवतात, उरलेले शोषले जातात किंवा चारी दिशांना विखुरतात. कर्मचाऱ्याला मिळणारा डोस मुख्यतः या विखुरलेल्या किरणांचा, म्हणजे खरं पाहता पेशंटच्या अंगातून आलेला. पेशंटपासून एक मीटरवर तो मूळ झोताच्या साधारण हजारावा भाग असतो. दोन मीटरवर त्याचाही चौथा हिस्सा. सी-आर्म डावीकडे कलता करून हृदय बघताना नळी उजवीकडे, म्हणजे डॉक्टरच्या बाजूला येते, आणि डोस लक्षात येण्याइतका वाढतो. टेबलाला लटकणारा शिशाचा पडदा आणि छतावरून खाली येणारी काच यासाठीच असते. ती काच पुष्कळ ठिकाणी भिंतीकडे वळवून ठेवलेली असते, कारण ती "मध्ये येते". ती मध्ये यावी म्हणूनच तर बसवलेली आहे.

अंगावरचा लेड एप्रन यातले नव्वद टक्क्यांहून अधिक किरण अडवतो. पण एप्रनला डोकं नसतं. डोळे उघडे, कवटी उघडी, हात उघडे.

डोळ्यांचा पुरावा यात सर्वांत ठसठशीत आहे. २००८ मध्ये कोलंबियाची राजधानी बोगोटा इथे हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेला आलेल्यांचे डोळे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने तपासले. लेन्सच्या मागच्या पापुद्र्याखाली, किरणांमुळे सुरू होणारा डाग जिथे पडतो तिथे, बदल दिसले ते कॅथलॅबमधल्या ३८ टक्के डॉक्टरांत आणि २१ टक्के सिस्टर-टेक्निशियनांत. या कामाशी संबंध नसलेल्यांत १२ टक्के. मलेशियात तशाच तपासणीत ५२ टक्के डॉक्टर, ४५ टक्के नर्सेस, आणि इतर ९ टक्के. लेन्समधला असा बदल म्हणजे लगेच मोतीबिंदूचं ऑपरेशन नव्हे. पण उन्हात किंवा समोरून दिवे येताना नजर भगभगायला लागते, आणि ज्याला दोन मिलिमीटरच्या रक्तवाहिनीत तार सरकवायची आहे त्याला हे परवडत नाही. अशा पुराव्यांमुळेच २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने लेन्सची वार्षिक मर्यादा १५० वरून एकदम २० मिलिसिव्हर्टवर आणण्याची शिफारस केली.

मेंदूतल्या गाठींबद्दल मात्र दमाने घ्यावं. कॅथलॅबमध्ये काम करणाऱ्या ३१ डॉक्टरांच्या अशा केसेस एकत्र करून २०१३ मध्ये मांडल्या गेल्या. बाजू माहीत असलेल्या २६ पैकी २२ गाठी डाव्या बाजूच्या होत्या, आणि नळीकडे डावीच बाजू असते. अंगावर काटा यावा असा आकडा. पण या केसेस शोधून गोळा केलेल्या होत्या. एकूण किती डॉक्टरांमधून त्या आल्या याचा हिशेब नव्हता. अमेरिकी टेक्नॉलॉजिस्टांच्या अभ्यासात कॅथलॅबसारख्या कामात मदत करणाऱ्यांमध्ये मेंदूच्या कर्करोगाने मृत्यूचं प्रमाण दुपटीहून अधिक निघालं, तेही मोजक्या मृत्यूंवरून. एवढ्यावर मी कुणाला कॅथलॅब सोडायला सांगणार नाही. काच खाली ओढायला नक्की सांगेन.

आता बॅज. आपल्याकडे लावतात तो टीएलडी बॅज उघडून पाहिला तर आत निकेलचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची छोटी पट्टी निघते. तिच्यात तीन पांढुरक्या चकत्या, कॅल्शियम सल्फेटमध्ये किंचित डिस्प्रोशियम घालून टेफ्लॉनमध्ये दाबलेल्या. एका चकतीवर धातूचं आवरण, दुसरीवर प्लॅस्टिकचं, तिसरी उघडी; तिघींच्या आकड्यांतल्या फरकावरून किरण कुठल्या जातीचे होते ते कळतं. अंगावर पडलेल्या किरणांची ऊर्जा चकती धरून ठेवते. तीन महिन्यांनी ती प्रयोगशाळेत तापवली की धरलेली ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते, आणि तो उजेड मोजला की डोस कळतो. एकदा वाचली की चकती कोरी. पुन्हा वाचायची सोय जवळपास नाहीच, म्हणून कागदावर उतरलेला आकडा हीच त्या तीन महिन्यांची आठवण.

हा बॅज छातीवर, एप्रनच्या आत लावायचा असतो. म्हणजे तो सांगतो ते शिशाआडच्या छातीबद्दल. डोळ्यांना काय मिळालं, सळई धरलेल्या बोटांना काय मिळालं, याची त्याला गंधवार्ता नसते. "सरासरी १ च्या खाली" हा मघाचा दिलासा या बॅजने दिलेला आहे. एक्स-रेच्या टेक्निशियनपुरता तो खरा आहे. कॅथलॅबमधल्या डॉक्टरसाठी कॉलरवर दुसरा बॅज आणि बोटात अंगठीचा बॅज हवा, हे तत्त्व सगळ्यांना मान्य आहे; ते प्रत्यक्ष लावलेले मात्र क्वचितच दिसतात.

आणि हा एक बॅज तरी कुठे असतो? एप्रनलाच टाचून खोलीतल्या खुंटीवर, म्हणजे माणूस घरी गेला तरी बॅज डोस खात राहतो. ड्रॉवरमध्ये, कारण "हरवला तर पैसे कापतात". खिशात, आणि तिथून धोब्याकडे. एका डॉक्टरांनी मला प्रांजळपणे सांगितलं की रीडिंग वाढलं तर कॅथलॅब बंद करतील, म्हणून ते बॅज गाडीत ठेवतात. तीन महिन्यांत १० मिलिसिव्हर्टच्या वर आकडा आला की चौकशी लागते, हे खरं. चौकशीत बहुतेक वेळा निघतं ते हेच, की डोस माणसाला नाही, खुंटीला मिळाला होता. पण ज्यांचा बॅज गाडीत होता त्यांची चौकशी कधीच होत नाही. त्यांचा आकडा छान असतो.

या गैरसमजांच्या जंगलात दूध आणि गुळाचाही एक कोपरा आहे. रेडिएशनवाल्यांना दूध, अंडी, गूळ किंवा वेगळी रजा मिळावी अशी मागणी जुनी आहे, काही ठिकाणी ती मान्यही झाली. दूध चांगलंच, पण तुटलेल्या डीएनएला ते सांधत नाही. आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकं स्पष्ट सांगतात की भत्ता किंवा जादा रजा हा संरक्षणाला पर्याय धरता येणार नाही. दरवर्षी सीबीसी काढून "रेडिएशनची तपासणी झाली" म्हणणं त्याच जातीचं. रक्ताच्या साध्या तपासणीत फरक पडायला जो डोस लागतो तो हॉस्पिटलच्या कामात मिळाला तर तो अपघात समजायचा.

बॅज नसलेल्यांबद्दल एक प्रकरण स्वतंत्र लिहिलं आहे, आणि वेळ कमी असेल तर तेच आधी वाचावं. वॉर्डात पोर्टेबल आलं की टेक्निशियन "एक्स-रे!" असं ओरडतो, सिस्टर दोन पलंग मागे सरकते, पण व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची मान धरून उभ्या राहतात त्या वॉर्डातल्या आया, म्हणजे मावशी. लहान मूल हलतं, त्याचे हात वर धरायला आई नसेल तर वॉर्डबॉय, म्हणजे मामा. कधीतरी एकदा धरलं तर डोस क्षुल्लक. पण दर वेळी तेच मामा, तीच मावशी, हे चूक आहे. धरणारं माणूस एप्रन घालून, झोताबाहेर हात ठेवून, आणि शक्यतो नातेवाइकांपैकी असावं. या मंडळींची नोंद कुठल्याच दप्तरात नसते, त्यामुळे त्यांना काय झालं हे कुणाला कधी कळणारही नाही. गरोदर सिस्टरांसाठीचा नियम सरळ आहे: आपण होऊन लवकर कळवायचं, आणि त्यानंतर बाळाला मिळणारा डोस उरलेल्या काळात मिळून १ मिलिसिव्हर्टच्या आत ठेवायचा. तिला नोकरीवरून काढणं हा त्या नियमाचा अर्थ नव्हे, कामाची जागा बदलणं हा आहे.

न्यूक्लिअर मेडिसिनचं प्रकरण लहान ठेवलं आहे, कारण तिथली माणसं तुलनेने शिकवलेली असतात. एवढंच सांगतो, की पीईटीच्या ५११ केईव्हीच्या गॅमा किरणांपुढे आपला नेहमीचा लेड एप्रन जवळपास निरुपयोगी आहे. तो घालून जास्त वेळ थांबण्यापेक्षा न घालता लवकर बाहेर पडणं शहाणपणाचं.

कॅनडाने आपल्या राष्ट्रीय डोस नोंदवहीतले वैद्यकीय कर्मचारी, सुमारे ६७ हजार, देशाच्या कर्करोग नोंदींशी जुळवून पाहिले. एकूण कर्करोग जनतेपेक्षा कमी, पण थायरॉइडचा जास्त, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे देशभरातल्या बॅजांचे आकडे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या नोंदवहीत जमा होतात, आणि मुंबईची कर्करोग नोंदणी १९६० च्या दशकापासून चालू आहे. दोन्ही दप्तरं एकाच शहरात. ती जुळवून आपल्या सिस्टरांचं, टेक्निशियनांचं, डॉक्टरांचं काय झालं हे बघता येईल. त्यासाठी नोंदवहीतला आकडा गाडीचा किंवा खुंटीचा नसून माणसाचा असावा लागेल.

पुस्तकाच्या शेवटी काही कोरी पानं जोडली आहेत. तिमाही, कामाचं ठिकाण, बॅज कुठे लावला होता आणि रिपोर्टातला आकडा, असे चार रकाने. जुन्या रिपोर्टांपासून सुरुवात करता येते. २००४ च्या किरणसंरक्षण नियमांप्रमाणे डोसची नोंद कर्मचाऱ्याला दरवर्षी, त्याने मागितल्यावर आणि नोकरी सोडताना देणं हे मालकाचं काम आहे. अर्ज साध्या कागदावर चालतो. आरएसओची, म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसरची, पोच घ्यायला विसरू नये.